यंत्र, कार्य आणि उत्तरदायित्व



ज्या अभियंत्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपले सारे उमेदीचे आयुष्य टपाल व तार खात्याच्या सेवेत वेचले, आणि सार्वजनिक उपयोगाचे यंत्र कसे चालते हे जाणून घेण्याचा अधिकार ते वापरणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे, या श्रद्धेने त्यांनी निवृत्तीनंतरही विद्यार्थ्यांना शिकविण्याचे व्रत सोडले नाही. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. दूरसंचार-जाळ्यातील निरनिराळी कार्ये त्यांच्या खास यंत्रांतून सोडवून, सर्वसाधारण संगणकांवर मुक्त क्लाउड-तंत्राच्या आधाराने चालविण्याचा जो उद्योग गेल्या दशकाभरात जगभर झाला, तो मी आज विषय म्हणून निवडला आहे. या व्यवसायातील माणसे त्याला ‘एनएफव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखतात. माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकतो. या परिवर्तनाने जाळे चालविणाऱ्यास यंत्रविक्रेत्यापासून सुटण्याची मुभा मिळाली हे खरे. परंतु मुभा आणि मुखत्यारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि यंत्राची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेण्याइतके ज्ञान ज्याने संपादन केले, त्यालाच ती मुखत्यारी लाभते.

विषयाचे मूळ समजावे म्हणून थोडे मागे जाणे इष्ट आहे. 1882 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत टेलिफोनची केंद्रे उघडली, तेव्हा जोडणीचे काम माणसाच्या हातून होत असे. पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर या गृहस्थाने 1891 साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळविले, आणि 1892 साली इंडियाना प्रांतातील ला पोर्ट या गावी त्या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या स्ट्रोजर निवडयंत्रात एक उभा दांडा असे. ग्राहकाने डायल फिरविली की विजेच्या प्रत्येक स्पंदाबरोबर तो एकेक पायरी वर चढे, मग आडवा फिरे, आणि नेमक्या तारेपाशी येऊन थांबे. कोणत्या क्रमांकाला कोणती वाट द्यावयाची हा सारा नियम त्या धातूच्या रचनेतच साकार झालेला असल्यामुळे, दोष कोठे आहे हे अनुभवी तंत्रज्ञास डोळ्यांनी दिसे आणि कानांनी ऐकू येई. यंत्र आणि त्याचे कार्य त्या काळी एकजीव होते.

ही एकजीवता 1965 साली मोडली. न्यू जर्सीतील सुकासुना येथे त्या वर्षी अमेरिकेच्या बेल कंपनीने जे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू केले, त्यात जोडणीचा नियम स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीच्या स्वरूपात होता. म्हणजे यंत्र तेच ठेवून, आज्ञावली बदलून, नवे कार्य करवून घेता येणे तत्त्वतः त्याच दिवशी शक्य झाले. मग पुढची सुमारे पन्नास वर्षे ते प्रत्यक्षात का घडले नाही, हा प्रश्न माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. तंत्राने जे सोडविले होते ते करारनाम्याने पुन्हा बांधून टाकले, हे त्याचे उत्तर. आज्ञावली ज्या कारखानदाराची, पेटीही त्याचीच, दुरुस्तीचा मक्ताही त्याचाच, आणि आतील रचनेचे दस्तऐवज त्याच्याच दप्तरी बंद, अशी वहिवाट पडली. दांडा चढताना पाहणाऱ्या तंत्रज्ञाच्या वाट्याला आता एक बंद कपाट आणि तक्रार नोंदविण्याचा दूरध्वनी क्रमांक एवढेच उरले.

या वहिवाटीविरुद्ध आपल्या देशात एक मोठा प्रयत्न झाला, त्याचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. 1984 साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने तेथील तरुण अभियंत्यांनी 128 जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र घडविले; कर्नाटकातील कित्तूर येथे 1986 साली त्यातले पहिले बसले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलनाची गरज नसलेले ते केंद्र म्हणजे, परदेशी पेटी आपल्या खेड्याला मानवत नसेल तर आपली पेटी आपण घडवू, अशी घोषणाच होती. परंतु मोबाइलच्या युगात दर काही वर्षांनी पिढी बदलू लागली, तंत्राचा व्याप वाढला, आणि पुन्हा एकदा परदेशी पेट्यांची रांग लागली.

ती रांग फोर-जीच्या आरंभीच्या काळात कशी दिसे, ते थोडे जवळून पाहू. समजा, सकाळी सातारच्या एसटी स्थानकावर कोणी प्रवाशाने आपला फोर-जी फोन सुरू केला. मनोऱ्याने ती हाक मध्यवर्ती केंद्रातील एमएमई नामक यंत्राकडे पोहोचविली; त्याने ग्राहकांची नोंदवही सांभाळणाऱ्या एचएसएसकडे, हा मनुष्य आपलाच काय, अशी विचारणा केली; ओळख पटल्यावर सर्व्हिंग गेटवे व पॅकेट गेटवे या दोहोंनी त्याच्या माहितीची वाट इंटरनेटपर्यंत बांधून दिली; पीसीआरएफने त्याच्या दरयोजनेची मर्यादा कळविली; आणि संभाषणासाठी आयएमएसमध्ये त्याची हजेरी लागली. काही क्षणांत आटोपणाऱ्या या कामासाठी खपणारे प्रत्येक नाव म्हणजे वेगळे कपाट, वेगळ्या कारखानदाराचे, वेगळ्या सुट्या भागांचे, वेगळ्या प्रशिक्षणाचे. प्रत्येक कपाट वर्षातील सर्वांत गर्दीच्या घटकेचा अंदाज बांधून विकत घ्यावे लागे. एरवी त्याची शक्ती पडून राही, आणि एका कपाटाची पडीक शक्ती शेजारच्या ताण पडलेल्या कपाटास उसनी देण्याची कोणतीही तजवीज नव्हती. नवी सेवा सुरू करावयाची म्हणजे मागणीपत्र, निविदा, जहाजवाहतूक, जागा, वीज, उभारणी, चाचणी असा महिनोन्महिन्यांचा प्रवास ठरलेला. आणि संगणकाच्या जगात मात्र कोणीही विद्यार्थी काही मिनिटांत भाड्याचा सर्व्हर मिळवू लागला होता.

या विसंगतीवर पहिले संघटित उत्तर जर्मनीतील डार्मस्टाट येथे ऑक्टोबर 2012 मध्ये भरलेल्या परिषदेत मिळाले. एटी अँड टी, ब्रिटिश टेलिकॉम, डॉइच टेलिकॉम, ऑरेंज, टेलिफोनिका, व्हेरायझन, एनटीटी, चायना मोबाइल आदी 13 दूरसंचार कंपन्यांनी आपापसांतील स्पर्धा बाजूस ठेवून तेथे एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. जाळ्यातील कार्ये ही मुळात आज्ञावली आहेत. ती खास पेट्यांत कोंडून न ठेवता बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण सर्व्हरांवर चालवावीत. गरज पडेल तेथे ती उभारावीत, गरज सरली की आवरावीत, असा त्या निवेदनाचा आशय होता. ग्राहकांनीच एकत्र येऊन विक्रेत्यांना, आम्हांस असा माल हवा, असे सांगण्याचा हा प्रसंग दूरसंचाराच्या इतिहासात लक्षात राहण्यासारखा आहे. लागलीच ‘एट्सी’ या युरोपीय मानक-संस्थेत एक स्वतंत्र गट स्थापन झाला, आणि ऑक्टोबर 2013 मध्ये त्याचे पहिले पाच दस्तऐवज बाहेर पडले. तळाशी सर्व्हर, साठवण व जाळे यांचा सामाईक पाया. त्यावर आज्ञावलीच्या रूपाने वावरणारी कार्ये. आणि या दोहोंचा बंदोबस्त राखणारी व्यवस्थापनाची फळी, ही त्यांनी आखलेली त्रिविध रचना आजही प्रमाण मानली जाते.

तो सामाईक पाया कोठून आणावयाचा, हा पुढचा प्रश्न होता; आणि येथे मुक्त क्लाउड-तंत्राचा प्रवेश होतो. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि रॅकस्पेस ही सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी यांनी आपापली आज्ञावली एकत्र करून जुलै 2010 मध्ये ‘ओपनस्टॅक’ या नावाने सर्वांस खुली केली. शेकडो सर्व्हरांची शक्ती एका राशीत जमवून तीतून मागेल त्यास मागेल तेवढा हिस्सा देणे हे तिचे काम. तिच्या घटकांत कामांची वाटणी आहे: नोव्हा गणनशक्ती वाटतो, न्यूट्रॉन जाळ्याच्या जोडण्या करतो, सिंडर साठवणीची जागा देतो, कीस्टोन प्रत्येक मागणाऱ्याचा अधिकार तपासतो. 2012 मध्ये तिचा कारभार एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविला गेला. ही आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी आणि विकावीसुद्धा, असा तिचा परवाना आहे. एका विक्रेत्याच्या मक्त्यातून सुटून दुसऱ्याच्या मक्त्यात अडकू नये, अशी ज्यांची इच्छा, त्या दूरसंचार कंपन्यांनी या पायाकडे वळावे हे स्वाभाविकच होते. या कामात मराठी मुलखाचाही वाटा आहे. पुण्यात हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात रेड हॅट कंपनीची मोठी कचेरी असून, तेथील अभियंत्यांचे हात या मुक्त आज्ञावलीला लागलेले आहेत.

येथवर ऐकून सर्व काही सुरळीत पार पडले असे वाटण्याचा संभव आहे. तसे झाले नाही. आणि ज्या अडचणी आल्या त्यांतच या विषयाचे खरे शिक्षण आहे.

पहिली अडचण वेगाची. सेकंदास 10 अब्ज बिट वाहणाऱ्या साध्या इथरनेट तारेवरून लहानात लहान, म्हणजे 64 बाइटांची, पाकिटे सलग आली, तर प्रत्येकामागे-पुढे सोडावी लागणारी 20 बाइटांची जागा धरून सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख 80 हजार पाकिटे होतात. प्रत्येकाच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद येतात. आणि प्रोसेसरची गती सेकंदास 3 अब्ज ठोक्यांची धरली, तर उणेपुरे 200 ठोके. तेवढ्यात पाकीट उचलावयाचे, पत्ता वाचावयाचा, नियम पाहावयाचा आणि पुढे धाडावयाचे. मुख्य स्मृतीत एखादी गोष्ट शोधावयास गेले तर तेवढ्यातच हा सारा अवधी संपण्याची भीती. सर्वसाधारण कार्यप्रणाली पाकीट आले की चालू काम थांबवून त्याकडे वळते, त्याची एक प्रत एका ठिकाणाहून दुसरीकडे नेते, आणि पुन्हा मूळ कामावर येते. दारावर थाप पडेल तेव्हा तेव्हा लेखणी खाली ठेवून उठणाऱ्या कारकुनाचे दप्तर जसे कधी पुरे होत नाही, तशीच तिची गत होते. यावर इंटेल कंपनीत वेंकी वेंकटेशन आणि त्यांचे सहकारी यांनी डीपीडीके या नावाने जो उपाय काढला व 2010 मध्ये खुला केला, त्यात प्रोसेसरचा एक गाभा दुसरे काहीही न करता अखंड तारेकडेच पाहत बसतो, पाकिटे एकेक न उचलता गठ्ठ्याने उचलतो, आणि कार्यप्रणालीच्या मध्यस्थीवाचून ती थेट कार्याच्या स्वाधीन करतो. स्मृतीची पाने 4 किलोबाइटांऐवजी 2 मेगाबाइटांची किंवा 1 गिगाबाइटची घेतली म्हणजे पत्ते शोधण्याचा खटाटोपही कमी होतो.

या उपायाने वेग मिळाला, पण त्याची किंमतही पडली. गाभा एका कार्यास बांधून दिला की तो इतरांस वाटून देता येत नाही. स्मृतीचा जवळचा हिस्सा राखून ठेवला की ते कार्य सहजी दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येत नाही. म्हणजे कोठलेही काम कोठेही चालावे हे जे क्लाउडचे मूळ सौंदर्य, त्यातील काही भाग वेगासाठी परत द्यावा लागला. ओपनस्टॅकमध्येही अशा राखीव गाभ्यांची सोय दूरसंचाराच्या गरजेमुळे 2014 च्या सुमारास करण्यात आली. किती द्यावे आणि किती राखावे, हा तोल कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. ज्याला आपल्या जाळ्यावरील वाहतूक ठाऊक आहे आणि आपला सर्व्हर आतून माहीत आहे, त्यालाच तो साधतो.

दुसरी अडचण विश्वासाची. दूरसंचाराचा जुना शिरस्ता असा, की सेवा शंभरातील 99.999 हिस्से वेळ चालू असली पाहिजे. म्हणजे वर्षभरात बंद राहण्याची मुभा सव्वापाच मिनिटांची. साधा सर्व्हर एवढी हमी देत नाही. म्हणून यंत्र मोडणारच हे गृहीत धरून, एक मोडताच दुसऱ्याने त्याचे काम उचलावे अशी योजना आज्ञावलीत करावी लागते. परंतु आज्ञावलीची चूक लोखंडाच्या चुकीहून निराळी असते, हे एटी अँड टी कंपनीच्या जाळ्याने 15 जानेवारी 1990 रोजी दाखवून दिले. एका केंद्राने किरकोळ बिघाडानंतर स्वतःस सावरले आणि आपण पुन्हा सज्ज असल्याचा निरोप शेजाऱ्यांस धाडला. नव्या आज्ञावलीत एक शब्द भलत्या जागी पडल्यामुळे तो निरोप हाताळतानाच शेजारची केंद्रे कोलमडली, सावरली, आणि त्यांनीही तसेच निरोप धाडले. 114 केंद्रांचे ते देशव्यापी जाळे सुमारे नऊ तास असे हेलकावत राहिले. प्रत्येक केंद्रास राखीव जोडीदार होता. पण जोडीदाराच्या ठायीही तीच आज्ञावली, म्हणून तीच चूक होती. लोखंड झिजते ते एकेका ठिकाणी. चूक मात्र जेथे जेथे तिची प्रत आहे तेथे तेथे एकाच वेळी असते. सारे जाळे आज्ञावलीरूप झाले म्हणजे ही गोष्ट अधिकच ध्यानी ठेवावी लागते. नवी आवृत्ती आधी लहान भागावर चालवून पाहणे आणि बिघडल्यास जुनीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवणे, यांस धर्माप्रमाणे पाळावे लागते.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती उत्तरदायित्वाची. जुन्या व्यवस्थेत मध्यरात्री जाळे बंद पडले तर कोणास उठवावयाचे हे ठरलेले असे. आता सर्व्हर एकाचा, क्लाउड दुसऱ्याची, कार्य तिसऱ्याचे आणि व्यवस्थापनाची फळी चौथ्याची. चौघेही आपापला हिस्सा निर्दोष असल्याचे सप्रमाण दाखवितात, आणि दोष मात्र दोन हिश्श्यांच्या सांध्यात दडलेला असतो. हे सांधे तपासण्यासाठीच लिनक्स फाउंडेशनने 2014 मध्ये ‘ओपीएनएफव्ही’ हा सामाईक उपक्रम सुरू केला. तरीही अखेरची जुळणी ज्याची त्यालाच करावी लागते. या बाबतीत दोन उदाहरणे बोधप्रद आहेत.

एटी अँड टी कंपनीने 2020 पर्यंत आपल्या जाळ्याचा 75 टक्के भाग आज्ञावलीच्या अंमलाखाली आणण्याचा संकल्प सोडला, ओपनस्टॅकवर स्वतःची क्लाउड उभारली, आपली व्यवस्थापनाची आज्ञावली जगास खुली केली. आणि जून 2021 मध्ये ती क्लाउड, तिचे तंत्र आणि ती घडविणारी माणसे मायक्रोसॉफ्टच्या हवाली करण्याचा निर्णय जाहीर केला. उलटपक्षी जपानात राकुटेन या व्यापारी कंपनीने जुने जाळे पदरी नसताना, एप्रिल 2020 मध्ये मनोऱ्यापासून मध्यवर्ती केंद्रापर्यंत आज्ञावलीरूप कार्यांवर उभारलेली सेवा सुरू केली, आणि त्या जुळणीत मिळविलेले कौशल्य पुढे इतर कंपन्यांस विकण्याचा स्वतंत्र उद्योगच थाटला. एटी अँड टीने चूक केली असे मी म्हणणार नाही. स्वतःची क्लाउड वर्षानुवर्षे सांभाळणे हा टेलिफोन कंपनीने करावयाचा उद्योग आहे काय, असा रोकडा प्रश्न तिच्यापुढे होता. पण यातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. आज्ञावली खुली असणे आणि ती आपली असणे यांत जे अंतर आहे, ते केवळ माणसांच्या ज्ञानाने भरून निघते. ती माणसे ज्याच्या पदरी, मुखत्यारी त्याची.

यानंतर तंत्राने आणखी एक पाऊल टाकले आहे. आज्ञावलीने सर्व्हरात उभारलेल्या आभासी यंत्राऐवजी त्याहून हलके कंटेनर आले, आणि गूगलने 2014 मध्ये खुली केलेली कुबरनेटीज ही व्यवस्था त्यांचा कारभार पाहू लागली. फाइव्ह-जीच्या मध्यवर्ती केंद्राची रचनाच अशी झाली की प्रत्येक कार्य ही दुसऱ्यांनी हाक मारावी अशी एक सेवा बनली. साधने बदलली, तरी वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी, वेगाची, विश्वासाची आणि उत्तरदायित्वाची, जशाच्या तशा उभ्या आहेत.

आता आपल्याकडे वळतो. 27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे ओडिशातील झारसुगुडा येथे उद्घाटन झाले. त्याचे मध्यवर्ती केंद्र सी-डॉटचे, मनोऱ्यावरील यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, आणि जुळणी मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. कित्तूरच्या केंद्रात सी-डॉटने पेटी घडविली होती. या खेपेस तिने जे घडविले ते आज्ञावलीरूप आहे. इतर देशांस ज्या पायरीवर पोहोचावयास दशके लागली, तेथे आपण आपल्या अभियंत्यांच्या बळावर उभे आहोत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्याचबरोबर, ही पायरी टिकविण्यासाठी काय केले पाहिजे हे स्पष्ट बोलणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिले काम महाविद्यालयांचे. ओपनस्टॅक वा कुबरनेटीज यांची लहान प्रतिकृती आज एका बऱ्यापैकी संगणकावर उभी राहते. त्यास ना परवान्याचे शुल्क, ना कोणाची परवानगी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती उभारावी, मुद्दाम मोडावी आणि पुन्हा सावरावी. पाठ्यक्रमातील जाळ्याचे सात थर पाठ करण्यापेक्षा याने अधिक ज्ञान होईल. दुसरे काम शासनाचे व सार्वजनिक कंपन्यांचे. लोकांच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक जाळ्याच्या करारनाम्यात, सांधे खुल्या मानकांचे असावेत आणि मुदत संपण्यापूर्वी आपल्या नोकरांस ते स्वतः चालविता यावे, ही अट लेखी असली पाहिजे. जुळणी करणाऱ्याच्या हाती किल्ल्या कायमच्या राहिल्या, तर जुनाच मक्ता नव्या नावाने परत येईल. तिसरे काम आपणां अभियंत्यांचे. मुक्त आज्ञावली आपण फुकट घेतो; तिच्यात सापडलेला दोष दुरुस्त करून ती दुरुस्ती, कारणमीमांसेसह, मूळ ठिकाणी परत देणे हे आपले ऋण आहे. जो परत देतो त्याचा शब्द तेथे ऐकला जातो, आणि पुढील आवृत्तीत आपल्या खेड्यांची गरज मांडण्याचा अधिकार त्यालाच मिळतो.

स्ट्रोजरच्या दांड्यापुढे उभा राहणारा तंत्रज्ञ यंत्राचा जाणता होता. बंद पेटीने त्याचे ते जाणतेपण हिरावून घेतले. मुक्त क्लाउड ते परत मिळविण्याची संधी देते. ही संधी विकत मिळत नाही आणि कायद्याने बहालही होत नाही. ती अभ्यासाने, रात्रीच्या जागरणाने आणि आपल्या हातून झालेल्या जुळणीची जबाबदारी नाकारावयाची नाही या निश्चयाने आपलीशी करावी लागते. कोट्यवधी लोकांचे बोलणे, पैशांचे व्यवहार आणि संकटकाळच्या हाका ज्या जाळ्यातून जातात, त्याचे जाणते आपल्या देशात, आपल्या गावांत, पुरेशा संख्येने असले पाहिजेत. आणि ते घडविणे हे आपल्या पिढीचे काम आहे, असे मी आपणांस आग्रहाने सांगतो.